टोपोशीटवरून डोंगर वाचायचा कसा: वाई–पाचगणीचा छेद काढता काढता

गेली बरीच वर्षं मी मुलांची भूगोलाची जर्नल्स तपासतोय. त्यात टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या उंची दाखवणाऱ्या नकाशावरून, छेद काढायचा असतो, म्हणजे एका रेषेवर जमीन उभी कापली तर बाजूने कशी दिसेल ते चित्र. या छेदाच्या पानावर ठरलेल्या चार-पाच चुका हमखास दिसतात. टेबललँडला, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगराला, टोक काढलेलं असतं, नदी डोंगर चढत असते, आणि खाली उत्तरात लिहिलेलं असतं "ही हिमनदीने तयार केलेली यू आकाराची दरी आहे". सातारा जिल्ह्यात हिमनदी! मुलं हुशार आहेत, त्यांचा क्रम तेवढा उलटा झालाय. आधी भूरूपाचं नाव ठरवायचं आणि मग नकाशात ते शोधायचं, असं चाललेलं असतं. खरा क्रम असा: आधी पाणी, मग रेषा, मग छेद, मग भूरूपाचं नाव, आणि ते कसं घडलं हे सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्म्या चुका आपोआप होत नाहीत.

उदाहरणाला मी वाई–पाचगणीचा भाग घेतलाय, जुन्या नंबरिंगमधली 47 जी/13 ही शीट. वाई साधारण 700 मीटरवर, पाचगणीचं टेबललँड 1300 च्या आसपास, मधे कृष्णेची दरी आणि धोम धरणाचं पाणी. सपाट माथा, कडा, उतार, रुंद दरी सगळं एकाच शीटवर मिळतं म्हणून शिकायला हा भाग मला फार आवडतो. तुमच्याकडे दुसरी शीट असली तरी पायऱ्या याच.

1. तयारी: इथे घाई केली की पुढचं सगळं वाया

सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर ओपन सिरीजच्या शीट पीडीएफमध्ये मिळतात. तिथले नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात, 47 जी असं काही सापडणार नाही, त्यामुळे गावाच्या नावावरून किंवा अक्षांश-रेखांशावरून शोधा.

पीडीएफ मिळाली की प्रिंट काढताना पहिली चूक होते. प्रिंटरवर "फिट टू पेज" ऑन असतं आणि नकाशा गुपचूप लहान होतो. वर 1:50,000 तसंच छापलेलं असतं पण ते आता खोटं असतं, कारण कागद आकसला की खालची रेषाप्रमाणाची पट्टी आकसते, आकड्यात लिहिलेलं प्रमाण मात्र आहे तसंच राहतं. झेरॉक्सचंही तेच. एका वर्षी माझ्याकडच्या अख्ख्या बॅचची अंतरं चुकली होती, सगळ्यांनी एकाच ए-फोर झेरॉक्सवरून काम केलं होतं आणि माझ्याही ते लक्षात आलं तिसऱ्या दिवशी.

तपासा: रेषाप्रमाणाच्या पट्टीवर 1 किमी अंतर मोजपट्टीने मोजा. 1:50,000 वर ते बरोबर 2 सेमी भरलं पाहिजे. नाही भरलं तर "अॅक्च्युअल साइज" म्हणजे 100 टक्क्यांवर परत प्रिंट काढा. पूर्ण शीट लागत नाही, हवा तेवढा तुकडा पुरतो.

सामान असं: ग्राफ पेपर, दोन पेन्सिली (खुणांना टूएच, रेषेला एचबी), सरळ कडेची कागदाची लांब पट्टी, भिंग, निळी आणि तपकिरी रंगीत पेन्सिल, नदीची वळणं मोजायला साधा दोरा. भिंग घ्याच, कड्याजवळच्या रेषा नुसत्या डोळ्याने मोजल्या तर दोन-तीन इकडे तिकडे होतातच.

2. मार्जिन वाचा

नकाशाच्या मधल्या भागाकडे बघायच्या आधी कडेचा मजकूर वाचा आणि चार गोष्टी वहीत लिहून घ्या: प्रमाण, कॉन्टूरमधलं अंतर, उंची मीटरमध्ये की फुटात, आणि सर्वेक्षणाचं वर्ष.

1:50,000 च्या शीटवर कॉन्टूर, म्हणजे पुस्तकातल्या समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, सहसा उंचीत 20 मीटरच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड ते जाड 100 मीटर. एक इंच एक मैलवाल्या जुन्या शीट असतील तर उंची फुटात असते. जुनं बाड घरात सापडलं म्हणून काहीजण त्यावरून काम करतात आणि फुटाचे आकडे मीटर समजून पाचगणी हिमालयात नेऊन ठेवतात.

सर्वेक्षणाचं वर्ष कशाला, असं मुलं विचारतात. धोम धरणाच्या आधीचं सर्वेक्षण असेल तर शीटवर कृष्णा नुसती वाहताना दिसेल, तिथे आज जलाशय आहे. दोन्ही शीट बरोबरच, पण छेद वेगळा येणार. धरणानंतरच्या शीटवर पाण्याची पातळी आडव्या सरळ रेषेने दाखवायची, पाण्याखालचा तळ अंदाजाने काढायचा नाही.

3. पहिला हात पाण्याला

निळी पेन्सिल घ्या आणि तुमच्या तुकड्यातले सगळे ओढे-नाले गिरवा, अगदी बारीकसुद्धा. लक्षात ठेवा, शीटवर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडे पडणारे ओढे काळ्या रंगात असतात. सह्याद्रीतले बहुतेक नाले उन्हाळ्यात कोरडे, म्हणून काळे. मुलं फक्त निळं गिरवतात आणि मग म्हणतात या डोंगराला ओढेच नाहीत.

गिरवून झालं की प्रत्येक ओढ्यावर वाहण्याच्या दिशेचा बाण काढा. दिशा कशी कळणार? कॉन्टूर ओढा ओलांडताना इंग्रजी व्ही सारखी वळते आणि त्या व्हीचं टोक नेहमी चढाकडे, म्हणजे ओढ्याच्या उगमाकडे असतं. पाणी त्याच्या उलट वाहतं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात कारण टोक म्हणजे बाण असं डोळ्याला वाटतं.

याच्या बरोबर उलटं डोंगरसोंडेचं. सोंडेवर रेषेचं टोक उताराकडे, कमी आकड्याकडे असतं. म्हणजे दरी आणि सोंड यांचा आकार कागदावर सारखाच दिसतो, फरक फक्त आकड्यात. म्हणून नुसता आकार बघून कधीच ठरवू नका, शेजारच्या दोन जाड रेषांचे आकडे वाचा आणि मगच बोला.

तपासा: तुमचे सगळे बाण शेवटी एका मोठ्या नदीकडे जाताहेत का? पाचगणीच्या डोंगराच्या उत्तर अंगाचं पाणी सरळ कृष्णेत आणि दक्षिण अंगाचं कुडाळी नदीत जातं. एखादा बाण डोंगर ओलांडून पलीकडे जात असेल तर तो चुकलाय.

4. आता तपकिरी: धार, सोंड, खिंड

दोन ओढ्यांच्या मधल्या उंच भागावरून तपकिरी तुटक रेषा काढा. ही जलविभाजक रेषा, ट्रेकवाले तिला धार म्हणतात. ही रेषा कुठेही ओढा ओलांडत नाही. ओलांडली तर खोडा.

धारेवर चालत गेल्यासारखं बोट फिरवा. दोन उंच बंद रेषांच्या मधे जिथे आकडा कमी होतो ती खिंड. जिथे धारेवरून एक फाटा खाली उतरतो ती सोंड. कमळगडाची धार या कामाला छान आहे, एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वाळकी, मधे उभी धार.

या दोन रंगांचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते झालं की नकाशा कागदावरून उठून उभा राहतो, हे मी शेकडो मुलांच्या चेहऱ्यावर बघितलंय. जे ही पायरी गाळतात त्यांना रेषांचं जाळंच दिसत राहतं.

5. छेदरेषा निवडणे

छेदरेषा कुठूनही मारू नका. जे भूरूप दाखवायचंय त्याला शक्य तेवढी आडवी, म्हणजे कॉन्टूरना काटकोनात छेदणारी घ्या. दरीच्या लांबीच्या दिशेने रेषा मारली तर दरी दिसणारच नाही, नुसता एक संथ उतार येईल.

आपल्याकडे अ बिंदू टेबललँडच्या दक्षिणेला कुडाळीच्या बाजूला आणि ब बिंदू उत्तरेला कृष्णा ओलांडून कमळगडाच्या धारेवर. म्हणजे एकाच छेदात दक्षिणेचा उतार, सपाट माथा, कडा, दरी, जलाशय आणि समोरची धार.

कागदाची पट्टी रेषेवर ठेवा, दोन्ही टोकं खुणा करून घ्या, आणि जिथे जिथे रेषा कॉन्टूरला छेदते तिथे बारीक खूण करून आकडा लिहा. रेषा दाट असतील तिथे फक्त जाड रेषांचे आकडे लिहिले तरी चालतं, पण मधल्या रेषा मोजून बघा की चारच आहेत ना. ओढा लागला तिथे "ओ", धार लागली तिथे "धा" असं लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

सावधान: पट्टी हलू देऊ नका. दोन्ही टोकांना क्लिप लावा. अर्ध्यात 2 मिमी सरकली तर जमिनीवर ते 100 मीटर झाले.

6. छेद काढणे

ग्राफ पेपरवर आडवी पायारेषा आणि डावीकडे उंचीचा स्केल. आडवं प्रमाण नकाशाचंच ठेवायचं, 1 सेमीला 500 मीटर. उभं प्रमाणही तेच ठेवलं तर 600 मीटरचा चढ सव्वा सेंटीमीटरसुद्धा धड भरणार नाही, म्हणून उभं प्रमाण ताणतात. 1 सेमीला 100 मीटर घेतलं तर 500 भागिले 100, म्हणजे उंची 5 पट ताणली गेली. हा आकडा छेदाखाली लिहायचाच. न लिहिता छेद दिलात तर वाचणाऱ्याला तुमचा साधा उतारसुद्धा कडा वाटेल.

गूगल अर्थवर रस्ता आखून एलिव्हेशन प्रोफाइल काढणाऱ्यांना मुद्दाम सांगतो, तिथे प्रोग्रॅम उंची स्वतःच खिडकीच्या मापाला ताणतो. पडताळणीला ते उत्तम आहे, पण त्याचा आकार बघून उताराचा अंदाज बांधू नका.

उंचीचा स्केल शून्यापासून सुरू करायची गरज नाही. सगळ्यात कमी रेषा 740 ची असेल तर 700 पासून सुरू करा.

आता बिंदू टाका आणि हलक्या हाताने जोडा. पट्टीने सरळ तुकडे जोडू नका, जमीन अशी करवतीसारखी नसते. खरी परीक्षा मात्र जिथे शेजारी शेजारी दोन बिंदू एकाच उंचीचे येतात तिथे असते. तिथे तीन शक्यता: मधे जमीन थोडी वर गेलीय, थोडी खाली गेलीय, किंवा सपाट आहे. ठरवायचं कसं? तुमच्या पट्टीवरच्या "ओ" आणि "धा" बघा. ओढा असेल तर खाली, धार असेल तर वर. वर असो की खाली, तो फरक 20 मीटरपेक्षा कमीच असणार, नाहीतर मधे अजून एक रेषा आली असती.

आणि हाच नियम टेबललँडला लावा. समजा माथ्याभोवतीची शेवटची रेषा 1280 ची आहे आणि आत एकही रेषा नाही. म्हणजे एवढा मोठा माथा 1280 आणि 1300 च्या मधे कुठेतरी आहे. आत एखादी बिंदूउंची (टिंबाशेजारी लिहिलेली नेमकी उंची) छापलेली असली तर ती वापरा. पण तिथून आडवी, किंचित खालीवर अशी रेषा जायला हवी. डोंगर म्हटलं की हाताला टोक काढायची सवय असते, ती इथे नडते. पाचगणीचं अख्खं वैशिष्ट्यच त्या सपाट माथ्यात आहे, त्यालाच टोक काढलं तर छेद काढून उपयोग काय!

तपासा: छेदातले कडे नकाशावरच्या दाट रेषांच्या जागी आलेत का, आणि नदी तिच्या दरीच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर आहे का?

7. उताराचं गणित

इथे एक छोटी पण सतत होणारी चूक. रेषा मोजायच्या नसतात, रेषांमधल्या जागा मोजायच्या असतात. 6 रेषा म्हणजे 5 जागा, म्हणजे 100 मीटर. 120 नाही.

समजा माथ्याच्या कडेला 2 मिमी मधे 5 जागा आहेत. 1 मिमी म्हणजे जमिनीवर 50 मीटर, तर 2 मिमी म्हणजे 100 मीटर आडवं आणि 100 मीटर उभं. उतार 1 ला 1, कोन 45 अंश. तिथून खाली गावाजवळ 1 सेमी मधे 2 जागा, म्हणजे 500 मीटरला 40 मीटर, साधारण 1 ला 12.5, जेमतेम साडेचार-पाच अंश.

आता कोणी माथ्यापासून नदीपर्यंत एकच सरासरी उतार काढला तर हे दोन्ही त्यात बुडून जातात. म्हणून छेदाचे तुकडे पाडा, जिथे रेषांची दाटी बदलते तिथे तुकडा तोडा, आणि प्रत्येकाचा उतार वेगळा काढा. भूरूपाचा अर्थ त्या बदलात असतो.

कड्यावर रेषा एकमेकींना चिकटून एकच दिसते, तिथे मोजणं शक्य नसतं, वरच्या आणि खालच्या जाड रेषेवरून काढा. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे, असा आत घेतलेला भाग कॉन्टूरमधून कळतच नाही.

8. नाव द्या, मग कारण द्या

आता कुठे नावाची वेळ आली. आणि नाव देताना सोबत पुरावा लिहायचा: "सपाट माथ्याचं पठार, कारण बंद रेषेच्या आत मोठी रिकामी जागा आणि कडेला रेषांची दाटी". एवढं लिहिलं की परीक्षकाला दुसरं काही लागत नाही.

मग कारण. इथला डोंगर बेसॉल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून झालेला. सगळे थर सारखे टणक नाहीत. घट्ट काळा कातळ झिजायला नाठाळ, तो कडा होऊन उभा राहतो. वायूच्या पोकळ्या असलेला थर लवकर सुटतो, तिथे गवताळ उतार तयार होतो. म्हणून कडा-उतार-कडा-उतार अशा पायऱ्या. तुमच्या सातव्या पायरीतले तुकडे याच्याशी जुळतात का बघा, बहुतेक वेळा जुळतात.

पाचगणीच्या माथ्यावर त्यात जांभ्याची टोपी आहे. उष्ण, पावसाळी-कोरड्या हवामानात खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात, तो जांभा. तो उघड्यावर कडक होतो. त्याच्या खालचा मऊ चिकणमातीसारखा थर आधी निघून जातो, मग वरच्या टोपीचा आधार सुटतो आणि कडेचे मोठे ठोकळे कोसळतात. म्हणजे पठार कडेने आत आत सरकतं पण माथा सपाटच राहतो. जांभ्यातून झिरपलेलं पाणी त्या चिकण थरावर अडून बाहेर येतं, म्हणून अशा पठारांच्या कडेखाली झरे असतात. शीटवर ओढ्यांची सुरुवात कुठल्या उंचीवर आहे ते लिहून काढा, बरेच एकाच पट्ट्यात आले तर तुम्हाला थराची जागा घरबसल्या सापडली.

आणि ती हिमनदी. महाराष्ट्रात रुंद दरी दिसली की ती यू आकाराची म्हणू नका. कृष्णेची दरी रुंद आहे कारण नदी आजूबाजूला झीज करते, दोन्ही बाजूंचे कडे मागे सरकतात आणि तळाशी गाळ साठतो.

शब्दांची गल्लतही इथेच होते. विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं, कुजणं. विस्तृत झीज म्हणजे सुटलेला माल गुरुत्वाने उतारावरून खाली येणं. क्षरण म्हणजे वाहतं पाणी, वारा यांनी खरवडून नेणं. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणला दरड कोसळून जे झालं, ज्यात दीडशेहून जास्त माणसं गेली, ती विस्तृत झीज. उत्तरपत्रिकेत त्याला "नदीचे क्षरण" लिहिलेलं वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण अशा उताराखाली आपली गावं आहेत आणि काय कोसळतं, कशाने कोसळतं हे आपल्याला नीट माहीत हवं.

9. जागेवर जाऊन पडताळा

छेद घेऊन पसरणी घाटाने वर जा. पावसाळ्यात नको, दरडीचा धोका असतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी जा, तिरप्या उन्हात पायऱ्या ठळक दिसतात. गाडी वळणावर लावू नका, रुंद जागा बघूनच थांबा.

रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीजवळ थांबलात की गोल गोल दगड दिसतील, एकाभोवती एक पापुद्रे असलेले, सोललेल्या कांद्यासारखे. बाहेरचा पापुद्रा बोटाने दाबा, त्याचा पिवळट तपकिरी मुरूम होऊन हातात येतो. आतला पापुद्रा जरा दाबावा लागतो, त्याच्या आतला नखाला दाद देत नाही, आणि मधला गाभा दगडाने ठोकला तर खणखणीत वाजतो, काळाकुट्ट. हातभर अंतरात ताजा खडक ते मुरूम. पाणी चारी बाजूंच्या भेगांतून आत शिरतं, कोपरे आधी कुजतात म्हणून गोल. हे विदारण, कुणी वाहून नेलेलं नाही, सगळं जागच्या जागी. मुलांना मी व्याख्या पाठ करायला सांगत नाही, तो पापुद्रा बोटाने सोलायला लावतो.

वर टेबललँडवर पोचलात की कडेपासून लांबच उभे राहा, जांभ्याची कड खालून पोखरलेली असू शकते आणि वरून ते कळत नाही. उत्तरेला तोंड करून छेद समोर धरा. समोर पाणी, पलीकडे कमळगडाची धार. उभं प्रमाण 5 पट ताणलेलं आहे हे इथे पटकन जाणवतं, कागदावरची दरी विहिरीसारखी आणि डोळ्यासमोरची परातीसारखी.

जिथे छेद आणि डोळा जुळत नाही तिथे पेन्सिलीची रेषा खोडू नका. लाल पेनाने शेजारी दुरुस्ती करा, तारीख टाका आणि चूक कुठल्या पायरीवर झाली तो नंबर लिहा: व्ही उलटा वाचला तर 3, पट्टी सरकली तर 5, सारख्या उंचीच्या बिंदूंमधे घोळ झाला तर 6. दुसऱ्या शीटवर बसाल तेव्हा आधी ते नंबर बघून घ्या.